धुळीच्या कड्याची फूटपट्टी

नोव्हेंबर २०१४ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सेबास्टियन ह्योनिग, डॅरॅक वॉटसन, माकोतो किशिमोतो आणि येन्स योर्त हे त्याचे चार लेखक. एन.जी.सी. ४१५१ ही दीर्घिका आपल्यापासून १९.० मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ६ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. एरवी अशा निष्कर्षाकडे वर्तमानपत्रे ढुंकूनही पाहत नाहीत. पण हे अंतर कोणत्याही ताऱ्याच्या तेजावरून काढलेले नव्हते. दीर्घिकेच्या केंद्राभोवती तापलेल्या धुळीचे एक कडे आहे, त्या कड्यालाच फूटपट्टी करून ते मोजले होते. शिवाय या दीर्घिकेला हौशी लोकांनी टोलकीनच्या कादंबरीतील खलनायकाच्या नावावरून 'सॉरॉनचा डोळा' असे टोपणनाव दिलेले असल्याने बातमीला मथळा आयताच मिळाला. 'सॉरॉनच्या डोळ्याने मोजले विश्व' अशा थाटाच्या त्या बातम्यांत एक गोष्ट बहुतेकांनी गाळली. निबंधात १९.० या आकड्यापुढे अधिक २.४ आणि उणे २.६ अशी त्रुटी छापलेली होती.

या निबंधाचे परीक्षण आता करावे असे आम्हांला वाटले, त्याला कारण आहे. २०२० मध्ये त्याच दीर्घिकेचे अंतर जुन्या आणि भरवशाच्या पद्धतीने पुन्हा मोजले गेले आणि २०२२ मध्ये धुळीच्या त्या कड्याचा आकार पहिल्यापेक्षा कितीतरी बारकाईने पाहता आला. उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर बऱ्याच काळाने उत्तरसूची हाती यावी, तसा हा प्रकार आहे. केवळ उत्तर जुळले की नाही एवढेच पाहून गुण देणाऱ्या परीक्षकाला इथे फारसे काही सापडणार नाही. पायऱ्या तपासणाऱ्याला मात्र पुष्कळ सापडेल.

आधी दीर्घिकेविषयी थोडे. श्यामशबल तारकासमूहातील ही दीर्घिका विल्यम हर्शेलने १७८७ मध्ये शोधली. तेरा वर्षांनी, १८०० मध्ये, याच हर्शेलने लोलकातून पडलेल्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून अवरक्त किरण शोधून काढले. आपले हे दोन शोध पुढे कधी एकमेकांना भेटतील, याची त्याला कल्पना असणे शक्यच नव्हते. एप्रिल-मे महिन्यांतील संध्याकाळी महाराष्ट्रातून ही दीर्घिका उत्तरेकडे बरीच उंच, खस्वस्तिकापासून सुमारे वीस अंशांवर येते. मध्यम आकाराच्या दुर्बिणीतून ती धुरकट ठिपक्यासारखी दिसते. १९४३ मध्ये कार्ल सेफर्टने ज्या मोजक्या दीर्घिकांचे केंद्र असाधारण तेजस्वी असल्याचे दाखवले, त्यांत ही होती. अशा केंद्राला आज सक्रिय दीर्घिका-केंद्रक म्हणतात. मध्यभागी सूर्याच्या लक्षावधी ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर, त्यात पडण्यापूर्वी भोवऱ्यासारखी फिरणारी वायूची तप्त तबकडी आणि त्याबाहेर धूळ, अशी त्याची ढोबळ रचना आहे.

तबकडीतून मुख्यतः अतिनील आणि दृश्य प्रकाश येतो आणि तो स्थिर नसतो. आठवड्यांत, महिन्यांत, वर्षांत तो वाढतो आणि घटतो. हा प्रकाश धुळीवर पडला की धूळ तो शोषून तापते आणि अवरक्त किरणांच्या रूपाने परत टाकते. धूळ फार जवळ असेल तर ती टिकणार नाही. सुमारे १५०० केल्व्हिन तापमानाला ग्रॅफाइटच्या कणांचे संप्लवन होते, ते घनातून थेट वायू होतात. म्हणून केंद्राभोवती एक धूळमुक्त पोकळी राहते आणि तिच्या कडेला सर्वांत तापलेल्या धुळीचे कडे असते. वीनच्या नियमात १५०० केल्व्हिन घाला. उत्सर्जन सर्वाधिक असण्याची तरंगलांबी दोन मायक्रॉनच्या किंचित खाली येते. खगोलशास्त्रज्ञ ज्याला 'के' पट्टा म्हणतात तो २.२ मायक्रॉनचा पट्टा याच्या शेजारीच आहे. अकरावी-बारावीच्या वर्गात वीनचा नियम शिकवताना सूर्य आणि तापलेली सळई ही दोन उदाहरणे ठरलेली असतात. तिसरे हे घ्यावे.

आता केंद्र उजळले तर धूळ लगेच उजळणार नाही. प्रकाश तिथे पोचायला वेळ लागेल, तितक्या विलंबाने अवरक्त तेज वाढेल. १९८९ मध्ये क्लाव्हेल, वाम्स्टेकर आणि ग्लास यांनी फेअरॉल-९ या दक्षिण आकाशातील दीर्घिकेत हे दाखवून दिले. तिचे अतिनील तेज काही वर्षांत अनेक पटींनी उतरले आणि त्याच्या मागोमाग, सुमारे ४०० दिवसांनी, अवरक्त तेज उतरले. त्रुटी शंभर दिवसांची होती, तरीही धूळ केंद्रापासून सुमारे एक प्रकाशवर्षावर आहे हे त्यातून कळले. जी रचना कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नव्हती तिचे माप एका घड्याळाने मिळाले. अवरक्त तेजातील चढउतारांचे खरे महत्त्व हेच आहे.

पण विलंबाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की त्रिज्या मिळते, हे विधान वाटते तितके उघड नाही. कडे आपल्याकडे कसे वळलेले आहे त्याप्रमाणे वेगवेगळ्या भागांचा विलंब वेगळा असणार. शिक्षकांनी वर्गात हे कागदावर करून घ्यावे. पाच सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि घड्याळाप्रमाणे त्यावर बारा बिंदू मांडा. निरीक्षक कागदाच्या पातळीतच, खूप दूर, बाराच्या दिशेला आहे असे समजा. मध्यातून निघालेला प्रकाश एखाद्या बिंदूवर जाऊन मग निरीक्षकाकडे वळला, तर थेट आलेल्या प्रकाशापेक्षा त्याला किती जास्त वाट चालावी लागली, हे प्रत्येक बिंदूसाठी मोजा. बाराच्या बिंदूला शून्य, तीन आणि नऊला पाच सेंटिमीटर, सहाला दहा. बाराही आकड्यांची सरासरी बरोबर पाच येते. आता निरीक्षक कागदाच्या नेमका वर, दूर आहे असे समजा. प्रत्येक बिंदूला जास्तीची वाट पाचच सेंटिमीटर. म्हणजे कडे सपाट असेल तर कल कितीही असो, सरासरी विलंब त्रिज्येइतकाच राहतो. फक्त प्रतिध्वनी कमीजास्त पसरतो. ही पद्धत इतकी उपयोगी पडली त्याचे अर्धे श्रेय या साध्या भूमितीला आहे.

एन.जी.सी. ४१५१ साठी हे काम हवाई बेटांवरील हालेआकाला पर्वतावरच्या मॅग्नम या दोन मीटर आरशाच्या जपानी दुर्बिणीने केले. ही दुर्बीण अशाच चढउतारांचा सतत पाठपुरावा करण्यासाठी उभारलेली होती. कडे किती मोठे दिसते, हे मोजण्याचे काम त्याच द्वीपसमूहातील मौना केआवरच्या केक व्यतिकरणमापकाने केले. दहा-दहा मीटर आरशांच्या दोन दुर्बिणी, एकमेकींपासून ८५ मीटर अंतरावर. एकीकडे कड्याची खरी त्रिज्या, दुसरीकडे कोनीय त्रिज्या. भागाकार केला की अंतर. अशी कल्पना मार्टिन एल्व्हिस आणि मार्गारिटा कारोव्स्का यांनी २००२ मध्ये मांडली होती, पण ती धुळीच्या आतल्या, वर्णरेषा देणाऱ्या वायूसाठी होती. तो भाग इतका लहान की तेव्हाच्या उपकरणांना तो पेलणारा नव्हता. चौघांनी तीच कल्पना जरा मोठ्या असलेल्या धुळीच्या कड्याला लावली. ही निवड फार सुंदर आहे, आणि या निबंधाचे सर्वांत मोठे यश आम्ही तीत मानतो, १९.० या आकड्यात नव्हे.

लेखकांनी पद्धतीला 'धूळ-पराशय' असे नाव दिले आहे, त्यावर काही शिक्षकांचा आक्षेप येईल. पराशय म्हणजे डोळ्यांपुढे बोट धरून एक डोळा मिटायचा, मग दुसरा. पाया आपल्याकडे आणि सरकणारी वस्तू तिकडे. इथे आपण जागचे हलतही नाही. तरीही हे नाव आम्हांला अगदीच अयोग्य वाटत नाही. नेहमीच्या पराशयात पृथ्वीच्या कक्षेची त्रिज्या ताऱ्यावरून जेवढ्या कोनात दिसेल तो कोन आपण काढतो. इथे धुळीच्या कड्याची त्रिज्या पृथ्वीवरून जेवढ्या कोनात दिसते तो कोन आहे. त्रिकोण तोच, फक्त पाया दुसऱ्या टोकाला गेला. मात्र एक भेद विसरू नये. पृथ्वीची कक्षा आपण नीट ओळखतो. त्या कड्याची मात्र आपल्याला फक्त अटकळ आहे. भोळ्या वाचकाला 'पराशय' या शब्दातून जी खात्री वाटते, तेवढी खात्री इथे देता येत नाही.

आता पायऱ्या तपासू. पहिली पायरी विलंबाची. मॅग्नमच्या नोंदींचा अभ्यास करून कोशिदा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की २००१ ते २००६ या काळात या एकाच दीर्घिकेतला विलंब ३३ दिवसांपासून ७१ दिवसांपर्यंत बदलत गेला. मापनाची ढिलाई म्हणून हे सोडून देता येत नाही. केंद्र उजळले की आतली धूळ नष्ट होते, मंदावले की कदाचित पुन्हा तयार होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. विद्यार्थ्यांना इथे एक हिशेब घालता येईल. विलंब ५० दिवस, म्हणजे ०.१३७ प्रकाशवर्ष, आणि कोनीय त्रिज्या ०.४५ सहस्रांश विकला, असे गोळाबेरीज आकडे घ्या. तो कोन रेडियनमध्ये सुमारे २.२ अब्जांश होतो. भागाकार केला की ६ कोटी २८ लाख प्रकाशवर्षे येतात, निबंधातल्या उत्तराच्या अगदी जवळ. आता ५० च्या जागी ३३ घाला: जेमतेम सव्वाचार कोटी. ७१ घाला: जवळजवळ नऊ कोटी. कोन तोच ठेवून केवळ वेगळ्या वर्षाचा विलंब घेतला तर उत्तर दुपटीहून अधिक बदलते.

म्हणजे विलंब आणि कोन ही दोन्ही मापे एकाच काळातली असणे फार गरजेचे आहे. केकने ही दीर्घिका प्रथम २००३ मध्ये पाहिली आणि पुन्हा २००९ पासून. मॅग्नमच्या ज्या नोंदींविषयी आपण बोलत आहोत त्या २००६ पर्यंतच्या आहेत. याला उत्तर असे की कड्याचा आकार तेजाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर बदलत नाही. खुद्द किशिमोतो आणि सहकाऱ्यांनीच २०१३ मध्ये दाखवले होते की या दीर्घिकेतील कड्याची त्रिज्या त्या दिवसाच्या तेजाशी जुळत नाही, ती मागच्या काही वर्षांच्या सरासरी तेजाशी जुळते. पण हे उत्तर अर्धेच समाधान करते. कडे सावकाश का होईना सरकते, हे त्यातूनच सिद्ध होते. फूटपट्टीच लांबत-आखडत असेल, तर कापड मोजायचे आणि पट्टी तपासायची ही दोन्ही कामे एकाच दिवशी करायला हवीत. निबंधाचा हा सर्वांत कच्चा दुवा आहे असे आमचे मत आहे, आणि तो लेखकांच्या हाती असलेल्या निरीक्षणांमुळे आलेला आहे, त्यांच्या निष्काळजीपणामुळे नव्हे.

दुसरी पायरी कोनाची. इथे बातम्यांनी सर्वांत मोठा गैरसमज पसरवला. केकने कडे 'पाहिले' असे वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे बांगडीसारखे चित्र येते. तसे चित्र कोणी पाहिलेले नव्हते. कड्याचा व्यास एक सहस्रांश विकलेपेक्षाही कमी. मुंबईहून पाहावे आणि लंडनमध्ये कोणी तीन सेंटिमीटर व्यासाचे नाणे धरावे, तेवढा. ८५ मीटर अंतरावरच्या दोन दुर्बिणींना २.२ मायक्रॉनवर हा व्यास सुटा दिसण्याजोगा नाही. त्यासाठी तो जवळपास तिप्पट असायला हवा होता. मग मोजले काय?

दोन दुर्बिणींतला प्रकाश एकत्र आणला की उजेड-अंधाराचे व्यतिकरण पट्टे पडतात. यंगच्या दोन फटींच्या प्रयोगात पडतात तसेच. उगम अगदी बिंदूसारखा असेल तर पट्ट्यांचा उठाव पूर्ण असतो. उगमाला रुंदी असेल तर तो थोडा फिका पडतो. प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येते: दोन फटींपुढची पहिली बारीक फट हळूहळू रुंद करत जा, पट्टे पुसट होत जातील. केकने हा फिकेपणा मोजला. तो केवढा असेल याची आकडेमोड आम्ही करून पाहिली. ०.४५ सहस्रांश विकला त्रिज्येचे पातळ कडे, पूर्ण ८५ मीटरचा पाया, २.२ मायक्रॉनची तरंगलांबी घेतली, तर पट्ट्यांचा उठाव १०० टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर येतो. त्रिज्या २० टक्क्यांनी मोठी धरली तर ९० टक्के; २० टक्क्यांनी लहान धरली तर साडेपंचाण्णव. म्हणजे अंतरात २० टक्क्यांचा फरक पाडायला उठावात अडीच-तीन टक्क्यांची चूक पुरते. त्यातही २.२ मायक्रॉनचा सगळाच प्रकाश धुळीचा नसतो. काही थेट तबकडीकडून येतो, ती तबकडी बिंदूसारखी असल्याने उठाव वाढवते, आणि तिचा वाटा अंदाजाने वजा करावा लागतो. इतक्या नाजूक मापावर उभे राहून १३-१४ टक्के त्रुटीचे अंतर सांगणे ही खरोखर हिकमत आहे. पण हिकमत होती म्हणूनच वाचकाला तिची नाजूकता सांगायला हवी होती.

तिसरी पायरी जरा गुंतागुंतीची. कडे हे दोऱ्यासारखे पातळ नसते. आतल्या कडेला धूळ जास्त तापलेली, बाहेर जावे तसतशी थंड, असा त्याचा पसारा असतो. विलंब मोजताना आतली धूळ जास्त बोलते, कारण तिचा प्रतिध्वनी ठळक असतो. पट्ट्यांचा उठाव मात्र सगळ्या पसाऱ्याची सरासरी सांगतो. इतर दीर्घिकांत व्यतिकरणाने मिळालेली त्रिज्या विलंबावरून मिळालेल्या त्रिज्येपेक्षा पद्धतशीरपणे मोठी येते, ती बहुधा यामुळे. वर आम्ही केला तसा सरळ भागाकार म्हणून शाळेपुरता ठीक, संशोधनासाठी नाही. लेखकांना याची पूर्ण जाणीव आहे. त्यांनी धुळीच्या तेजाचे वितरण कसे उतरत जाते याचे एकच प्रारूप घेतले आणि दोन्ही मापांना तेच लावले. पद्धत म्हणून हे चोख आहे. फक्त त्यामुळे उत्तरात निरीक्षणाबरोबर प्रारूपही शिरते, आणि मग 'शुद्ध भूमितीची पद्धत' हे बिरुद थोडे सैल करावे लागते.

या पद्धतीवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो, तो मात्र आम्हांला पटत नाही. धूळ सपाट कड्यात नसून वाटीसारखी वर उचललेली असेल, तर उत्तर चुकेल असे म्हणतात. कावागुची आणि मोरी यांनी २०१० मध्ये तसा आकार सुचवलाही आहे, कारण तबकडी आपल्या पातळीच्या दिशेने कमी प्रकाश टाकते आणि तिथे धूळ अधिक जवळ टिकू शकते. आता कडे ३० अंश वर उचललेले आहे आणि आपण नेमके वरून पाहत आहोत असे धरा. धूळ आपल्याच दिशेला सरकल्यामुळे विलंब सपाट कड्याच्या निम्मा होतो; दिसणारी त्रिज्या मात्र फक्त ०.८७ पट होते. भागाकार केला की अंतर खऱ्याच्या ५८ टक्केच येईल. आक्षेप खरा आहे, पण तो अंतर कमी करतो. पुढे काय झाले ते पाहिले तर चूक, असलीच तर, उलट दिशेची आहे.

पुढे झाले ते असे. २०१८ मध्ये या दीर्घिकेत एका अतिनवताऱ्याचा स्फोट झाला. त्यावरून वेगवेगळ्या गटांनी काढलेली अंतरे १८ ते २० मेगापार्सेकच्या घरात आली, आणि धूळ-पराशयाला दुजोरा मिळाल्यासारखे वाटले. मग २०२० मध्ये युआन आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून या दीर्घिकेतील सेफीड तारे शोधून अंतर दिले: १५.८ मेगापार्सेक, त्रुटी ०.४. म्हणजे सुमारे ५ कोटी १५ लाख प्रकाशवर्षे. सेफीडची पद्धत शंभराहून अधिक वर्षे घासूनपुसून घेतलेली आहे, त्यामुळे हा आकडा वजनदार ठरतो.

मग २०१४ चा निबंध चुकला काय? मथळे वाचणारा हो म्हणेल. फरक ३.२ मेगापार्सेकचा, आणि त्या बाजूची एकत्रित त्रुटी सुमारे २.६. म्हणजे फरक त्रुटीच्या सव्वापटीच्या आसपास. दोन्ही मापे निर्दोष असली तरी एवढा फरक निव्वळ योगायोगाने दर चार-पाच वेळांत एकदा पडेलच. याला नापास म्हणता येत नाही. निबंधापूर्वीची स्थितीही आठवावी: तेव्हा या दीर्घिकेची प्रसिद्ध झालेली अंतरे ४ पासून २९ मेगापार्सेकपर्यंत पसरलेली होती. तिचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे १००० किलोमीटरच असल्याने शेजारच्या दीर्घिकांच्या ओढीने आलेला काहीशे किलोमीटरचा स्वतंत्र वेगही हबलच्या नियमाने काढलेले अंतर बिघडवतो. सात पटींच्या गोंधळातून वीस टक्क्यांच्या मतभेदापर्यंत आणणारे माप उपयोगी नव्हते असे कोण म्हणेल?

आमची तक्रार निबंधाच्या दुसऱ्या निष्कर्षाविषयी आहे. एन.जी.सी. ४१५१ ही त्या वेळी केवळ दोन सक्रिय दीर्घिकांपैकी एक होती, जिथे वर्णरेषांच्या विलंबावरून काढलेले कृष्णविवराचे वस्तुमान दुसऱ्या, गतिशास्त्रीय पद्धतीशी ताडून पाहता येत होते. गतिशास्त्रीय वस्तुमान अंतराच्या प्रमाणात वाढते. नव्या अंतराने ते १.४ पट झाले, आणि त्यावरून सगळ्या सक्रिय केंद्रकांच्या वस्तुमानांचे मापच त्या प्रमाणात बदलावे लागेल, असे निबंधाच्या सारांशातच सुचवलेले आहे. 'या दोन दीर्घिकांशी ताळा घातला तर' अशी अट लेखकांनी घातली आहे हे खरे. पण १९.० च्या जागी १५.८ ठेवा, १.४ चे सुमारे १.१६ होतात. चौदा टक्के त्रुटीच्या एका मापावरून शेकडो कृष्णविवरांची वजने हलवण्याची भाषा घाईची होती. एका विद्यार्थ्याची उंची मोजून वर्गाची सरासरी दुरुस्त करायला निघावे, तसे ते झाले.

२०२२ चा निकाल आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. किशिमोतो आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवरच्या चारा व्यतिकरणमापकाने, सुमारे २५० मीटरच्या पायावर, हेच कडे पुन्हा मोजले. या वेळी पट्ट्यांच्या उठावाचा वर्ग ०.२५ पर्यंत खाली आला, म्हणजे उठाव निम्म्यावर. ९३ टक्क्यांतले बारीक फरक वाचण्याची कसरत संपली. कडे खरोखर सुटे दिसले. त्रिज्या सुमारे ०.५ सहस्रांश विकला निघाली, पण कडे गोल नव्हते. लघु आणि दीर्घ अक्षांचे गुणोत्तर सुमारे ०.७ होते, म्हणजे कड्याचा कल ४० अंशांच्या आसपास. केकला एकच पाया होता, आणि एका पायाने मुख्यतः एकाच दिशेची रुंदी कळते. लंबगोल वस्तू कोणत्या दिशेने मोजली त्यावर उत्तर ३० टक्क्यांपर्यंत हलू शकते. सरासरी विलंबाला कलाने फरक पडत नाही, हे आपण बारा बिंदूंवर पाहिले. कोनाला मात्र पडतो. १९ आणि १५.८ यांच्यातील फरक यामुळेच पडला असे आम्ही म्हणत नाही. पण तेवढा फरक सहज पोटात घेईल इतकी ही जागा मोठी आहे.

या लंबगोलाने आणखी एका चित्राची पंचाईत केली. सक्रिय केंद्रकाच्या आकृतीत धूळ नेहमी मेदूवड्यासारखी काढलेली असते. मध्य-अवरक्त व्यतिकरणमापनाने गेल्या दीड दशकात अनेक केंद्रकांत दाखवले की थंड धुळीचा मोठा भाग वड्याच्या पातळीत नसून ध्रुवांच्या दिशेने लांबलेला आहे. चाराने पाहिलेले आतले गरम कडे मात्र जेटच्या आणि ध्रुवीय अक्षाच्या काटकोनात, म्हणजे पातळीतच पसरलेले आढळले. दोन्ही निरीक्षणे एकत्र घेतली तर आतल्या कड्यातून धूळ वर उडून बाहेर जात असावी. वडा तसाच काढत राहायचे असेल तर त्यातून वाफ निघताना तरी दाखवावी.

पद्धत थांबलेली नाही. वांग आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ३सी २७३ या क्वेसारच्या वर्णरेषा देणाऱ्या वायूला, म्हणजे एल्व्हिस-कारोव्स्का यांच्या मूळ कल्पनेतल्याच भागाला, ती लावून ५५१ मेगापार्सेक अंतर काढले. त्रुटी एका बाजूला ९७ आणि दुसऱ्या बाजूला ७९. लडाखमधील हानले येथील आपल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीनेही धुळीचा विलंब मोजण्याचे काम केले आहे. तिथून एच०५०७+१६४ या सक्रिय दीर्घिकेत 'के' पट्ट्याचा विलंब सुमारे ३५ दिवस असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या दुर्बिणी रोजच्या रोज एकाच वस्तूकडे वळवता येत नाहीत. सलग नोंदी ठेवायला अशाच मध्यम आकाराच्या दुर्बिणी लागतात. एन.जी.सी. ४१५१ साठी आता चाराचा नीट मोजलेला लंबगोल हाती आहे. त्याच्या जोडीला त्याच वर्षांतला विलंब ठेवून भागाकार पुन्हा केला, तर उत्तर १५.८ कडे झुकते की १९ कडे, हे कळेल.